संक्षेपाची नीती

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत बजाजनगरच्या रस्त्याने पहाटे जाणाऱ्यास एक देखावा हटकून दिसतो. रात्रपाळी आटोपून परतणारे आणि सकाळच्या पाळीस निघालेले, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांची चहाच्या टपरीपाशी गाठ पडते. पुठ्ठे आणि लाकडाच्या ढलप्या पेटवून केलेल्या शेकोटीभोवती पाचसात तरुण हात शेकीत उभे असतात आणि त्यांतील एखाद्याच्या हाती सामान्य ज्ञानाचे पुस्तक असते. तो विचारतो, "सर्वांत लहान दिवस कोणता?" दुसरा सांगतो, "बावीस डिसेंबर." "विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन?" "नागपूर." "मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन?" "सतरा सप्टेंबर." "पिन म्हणजे?" "पोस्टल इंडेक्स नंबर." प्रश्न पुरता तोंडाबाहेर पडण्याच्या आत उत्तर येते. चहा संपतो, भोंगा होतो, मंडळी पांगतात.

या तरुणांस ज्ञान झाले असे म्हणावे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता सोपा दिसतो. पोटापाण्याची ददात नसलेला सुशिक्षित मनुष्य त्याचे उत्तर चटकन देऊन मोकळा होतो: ही घोकंपट्टी आहे, हे ज्ञान नव्हे. परंतु असे म्हणणाराने प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की, बारा तास उभे राहून काम केलेल्या ज्या मुलाने झोप मोडून ते पुस्तक उघडले, त्याला हौस म्हणून ते उघडावयाचे नव्हते. त्याच्या आणि कायमच्या नोकरीच्या मध्ये परीक्षेतील एक गुण उभा आहे, आणि तो गुण 'बावीस डिसेंबर' या दोन शब्दांना आहे. त्या दिवसाच्या कारणमीमांसेला नाही. तेव्हा दोष त्याच्या पदरी टाकून आपण मोकळे होऊ पाहणे हे न्यायाचे नव्हे. मला विचारावयाचे आहे ते निराळेच. आपण सारेच जण (तो शेकोटीपाशी आणि आपण दिवाणखान्यात) थोडक्यात जाणण्यावर जगत असतो. या थोडक्यात जाणण्याला काही नीती आहे काय? कोणता संक्षेप उचित, कोणता अनुचित, हे ठरविण्याची काही कसोटी आहे काय?

प्रथम त्या उत्तरांकडेच पाहू. 'बावीस डिसेंबर' हे उत्तर बरोबर आहे. एखाद्या वर्षी एकवीस असे म्हणावे लागेल इतकेच. पण त्याच मुलाला, किंबहुना त्याच्या परीक्षकालाही, हिवाळ्यात थंडी का पडते असे विचारले, तर पृथ्वी सूर्यापासून दूर जाते म्हणून, असे उत्तर मिळण्याचा संभव पुष्कळ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जानेवारीच्या प्रारंभी पृथ्वी सूर्यास वर्षातील सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या प्रारंभी ती सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर असते. थंडीचे कारण अंतरात नसून पृथ्वीच्या आसाच्या सुमारे साडेतेवीस अंशांच्या कलण्यात आहे. बजाजनगर विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ वीस अंशांवर आहे. जूनमध्ये तेथे माध्यान्हीचा सूर्य माथ्यावर, थोडा उत्तरेकडेच, येतो. त्या लहान दिवशी मात्र तो क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, किरण तिरपे पडतात आणि दिवस अकरा तासांच्या आतच आटोपतो. शिवाय पठारावरील आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसा साठविलेली ऊब रात्री निघून जाते. एवढे सारे 'बावीस डिसेंबर' या उत्तराच्या पोटात आहे. परंतु ते पोटात आहे याची वार्ताही उत्तर देणाऱ्यास नसते, आणि त्यावाचून त्याचे काही अडत नाही.

दुसरे उत्तर 'नागपूर'. तेही बरोबर आहे. पण ते गावाचे नाव म्हणून बरोबर आहे. वास्तविक ते एका वचनाचे नाव आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील पुढाऱ्यांनी जो करार केला, त्यात सरकारने दरवर्षी काही काळ नागपुरास राहावे, विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरावे, आणि निधी, उच्च शिक्षण व सरकारी नोकऱ्या यांत निरनिराळ्या विभागांस लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, असे ठरले. हे कलम ज्या मराठवाड्यासाठीही लिहिले गेले, त्याच मराठवाड्यातील खेड्यातून काम शोधीत वाळूजच्या कारखान्यांत आलेला मुलगा 'नागपूर' एवढे म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्याच्या हाती त्याच्याच हक्काचा कागद आहे. पण तो घडी घातलेला आहे, आणि घडी उलगडण्यास गुण नाहीत!

तिसरे उत्तर 'सतरा सप्टेंबर'. देश केव्हा स्वतंत्र झाला, या प्रश्नाला १५ ऑगस्ट १९४७ हेच उत्तर त्या पुस्तकात छापलेले असते. मात्र ज्या जमिनीवर ती शेकोटी पेटली आहे, ती त्या दिवशी निजामाच्या राज्यात होती आणि पुढे तेरा महिने राहिली. १९४८ सालच्या त्या तारखेस हैदराबाद संस्थान शरण आले, तेव्हा कोठे तिचा स्वातंत्र्यदिन उगवला. म्हणजे या दोन उत्तरांत एक विसंगती आहे, आणि ज्ञान म्हणतात ते त्या विसंगतीपाशी सुरू होते. दोन्ही तारखा पाठ असूनही ती जर दिसली नाही, तर ते उत्तर ज्ञानाकडे नेणारे दार नसून ज्ञानाच्या दारास लावलेली कडी आहे.

येथवर आलेला वाचक कदाचित म्हणेल की, हा संक्षेपाविरुद्धचा जुनाच तक्रारअर्ज आहे. तसे नाही. संक्षेपाचा तिटकारा करणे आपल्या परंपरेत तरी कोणास शोभणार नाही. पाणिनीने सारी भाषा सुमारे चार हजार सूत्रांत बांधली. त्यासाठी त्याने 'अच्' म्हणजे सारे स्वर, 'हल्' म्हणजे सारी व्यंजने, असे प्रत्याहार योजिले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ती लघुरूपेच होत. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास मुलगा झाल्याइतका आनंद होतो, अशी त्या मंडळींची ख्याती आहे. परंतु सूत्र हे कधी एकटे उभे राहिले नाही. त्याच्या मागे वार्तिक आले, वार्तिकामागे भाष्य आले, आणि भाष्य सांगणारा गुरू समोर बसलेला होता. सूत्र पाठ करणाऱ्या मुलास आज अर्थ कळला नाही तरी तो उद्या कळावयाचा आहे, हा त्या पाठांतरातील करार होता. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश रचिला, तेव्हा त्याच्या तेवीस खंडांपैकी पहिले पाच त्यांनी केवळ प्रस्तावनेस दिले. अकारविल्हे माहितीचे तुकडे हाती देण्यापूर्वी ते तुकडे कोणत्या जगाचे आहेत हे वाचकास कळले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. तेव्हा दोष लाघवात नाही. भाष्य हरवून सूत्र तेवढे उरणे, आणि सूत्रालाच भाष्य समजणे, हा दोष आहे.

आता रोजच्या व्यवहारातील लघुरूपांकडे वळू. कारण नीतीचा प्रश्न तेथे अधिक उघड होतो. मराठी पत्रव्यवहार हा संक्षेपांचे माहेरघरच होता. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, 'मु. पो.' म्हणजे मुक्काम पोस्ट, 'ता. क.' म्हणजे ताजा कलम. ही अक्षरे लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास सारखीच उलगडत असत. नमस्कार चार अक्षरांत मावला, तरी वाचणारा तो पुरता घेत असे. उभयतांमधील पूर्वपरिचयाची, एका घराच्या वा एका समाजाच्या सामाईक समजुतीची ती खूण होती. जेथे समजूत सामाईक आहे तेथे संक्षेप हा एक प्रकारे जिव्हाळ्याचाच प्रकार असतो.

परंतु आपल्या या घरगुती लघुरूपांतही सारीच निष्पाप नव्हती, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. विधवेच्या नावामागे 'गं. भा.' लिहीत. गंगाभागीरथी हा शब्द किती पवित्र! आणि त्या दोन अक्षरांच्या आड किती उपवास, किती अंधाऱ्या माजघरातील वर्षे, किती लग्नमुंजींतून मागच्या दाराने झालेली उठाठेव दडलेली असे! ते अक्षर ती स्वतः लिहीत नसे. ते तिच्यावर लिहिले जाई. येथे आपणांस पहिली कसोटी सापडते. संक्षेप कोणी केला आणि कोणावर केला, हे विचारले पाहिजे. दोघांनी मिळून केलेला संक्षेप ही सोय होय. एकाने दुसऱ्यावर केलेला संक्षेप ही सत्ता होय.

हीच कसोटी बजाजनगरास लावून पाहावी. ही वसाहतच लघुरूपांवर उभी आहे. 'एमआयडीसी', म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली स्थापन झाले. वाळूजच्या माळावर त्याने आखलेल्या भूखंडांवर १९८५ साली बजाजांचा मोटारसायकलींचा आणि स्कूटरींचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या नावाने ही वस्ती वाढली. वडगाव कोल्हाटीसारख्या जुन्या गावांच्या शिवारात 'सेक्टर' आणि 'प्लॉट' आले. येथल्या कामगाराच्या पगारपत्रकावर जी अक्षरे असतात ती पाहा: 'पी.एफ.', 'ई.एस.आय.', 'ओ.टी.', 'सी.एल.'. कायम नोकराला 'सी.एल.' म्हणजे किरकोळ रजा. ठेकेदाराच्या माणसाला त्याच दोन अक्षरांचा अर्थ पुष्कळदा 'कंत्राटी मजूर' असा होतो. इस्पितळात 'ओ.टी.' म्हणजे शस्त्रक्रियेची खोली, तर कारखान्यात जादा काम. १९४८ च्या कारखाने कायद्याने त्या जादा कामास दुप्पट दराने वेतन ठरविले. 'ई.एस.आय.' हेही त्याच वर्षीच्या कायद्याचे अपत्य. कामगाराच्या वेतनातून आणि मालकाकडून वर्गणी घ्यावयाची, आणि आजारपणात, अपघातात, बाळंतपणात त्याला हक्काने औषधपाणी व पैसा द्यावयाचा, हा त्या तीन अक्षरांचा अर्थ.

ज्या माणसाच्या मजुरीतून दरमहा काही रक्कम या अक्षरांच्या नावे कापली जाते, त्याला ती अक्षरे उलगडता येतात काय? येत असतील, तर तो संक्षेप ही कारकुनाची उचित सोय आहे. येत नसतील, तर तो एक बंद पेटी आहे, आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे. मग आजारी पडल्यावर तो खाजगी दवाखान्यात कर्ज काढून पैसे भरतो आणि ज्या इस्पितळाचे दार त्याच्याच पैशाने बांधलेले आहे, ते त्याला ठाऊकच नसते. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात 'ई.एस.आय. चे पूर्ण रूप लिहा' असा प्रश्न असतो. पूर्ण रूप लिहिता येणे म्हणजे उलगडणे नव्हे. एक परकी अक्षरमाला टाकून दुसरी, जरा लांब, परकी अक्षरमाला पाठ करणे एवढेच ते आहे. खरे उलगडणे म्हणजे 'यात माझे काय आहे?' या प्रश्नास उत्तर मिळणे.

याच्या उलट एक प्रामाणिक संक्षेपही सांगतो, आणि तो शेकोटीपाशी विचारलेल्या प्रश्नांतीलच आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला 'पिन' हा सहा आकडी क्रमांक श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातील अधिकाऱ्याने योजिला. वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे कळल्यावर त्या क्रमांकाची घडण वेगळीच दिसू लागते. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, उरलेले तीन त्या त्या टपालकचेरीचे. या शहराच्या परिसरातील पत्ते '४३१' ने सुरू होतात, आणि त्यातील प्रत्येक आकडा एकेक पायरी उतरून पत्र योग्य दारी नेतो. येथे सूत्राच्या पोटातच भाष्य आहे. ज्याला ते शिकावयाचे असेल त्याला पाच मिनिटांत शिकता येते, आणि या संक्षेपाने कोणाचेही काही झाकले जात नाही. नावे सारखी असलेल्या गावांतून एखाद्या म्हातारीची मनीऑर्डर चुकू नये, या कळकळीतून तो निघाला. लाघव आणि माणुसकी यांचे वैर नाही याचा हा पुरावा.

आता ज्या उदाहरणासाठी हा सारा खटाटोप केला त्याकडे येतो. हिवाळा, अलीकडचा इतिहास आणि लघुरूप हे तीनही विषय या शहरात एका तारखेत एकत्र आले आहेत. ती तारीख १४ जानेवारी.

या तारखेविषयी सामान्य ज्ञान असे सांगते की, त्या दिवशी मकरसंक्रांत असते, उत्तरायण सुरू होते आणि दिवस मोठा होऊ लागतो. यांतील बहुतेक विधाने आज खरी नाहीत. दिवस मोठा होण्यास डिसेंबरातच आरंभ झालेला असतो. कोणे एके काळी मकरसंक्रमण आणि उत्तरायण एकाच वेळी होत; परंतु पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा मंद गतीने फिरतो आणि सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश या हिशेबाने त्या दोहोंत अंतर पडत गेले. तारीखही स्थिर नाही. विवेकानंद १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले, तो संक्रांतीचा दिवस होता. हल्ली ती कित्येक वर्षी पंधरा तारखेस येते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले, त्या साली संक्रांत तीनचार दिवस अगोदरच होऊन गेलेली असली पाहिजे. 'संक्रांत कोसळली' हा आपला वाक्प्रचार आणि ती लढाई यांची सांगड आपण आजचे पंचांग मागे नेऊन घालतो. याला ज्योतिषात अयनचलन म्हणतात. मला वाटते, स्मृतीचेही असेच अयनचलन असते. तारीख जागच्या जागी राहते, तिळगूळ वाटला जातो, आणि ज्या कारणासाठी तो दिवस पाळावयाचा ते कारण हळूहळू, कोणाच्या ध्यानात न येता, सरकत दूर जाते.

१४ जानेवारी १९९४ रोजी येथील मराठवाडा विद्यापीठाचे नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे झाले. बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढून, ज्यांना या भागात शाळेची पायरीही दुर्लभ होती त्यांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. त्यांचे नाव विद्यापीठास द्यावे असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले ते सांगताना आजही मान खाली जाते. खेडोपाडी दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांचा त्याच ऑगस्टमध्ये खून झाला. त्यापुढे पंधरा वर्षांहून अधिक काळ मोर्चे, तुरुंगवास, लाठ्या आणि मरणे यांतून ती मागणी जिवंत राहिली. अखेर पूर्वीचे नाव राखून त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव जोडावयाचे, अशी तडजोड झाली. म्हणून त्यास नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणतात.

विस्तार! हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ज्या नावाच्या विस्तारासाठी माणसांनी प्राण दिले, त्या नावाचा आज रोजच्या बोलण्यात काय उच्चार होतो? 'बामू'. विद्यार्थी म्हणतात, वर्तमानपत्रे छापतात, रिक्षावालेही म्हणतात. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. जीभ आळशी आहे, मथळ्यास जागा थोडी आहे. त्याच वर्षी नांदेडास स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे 'स्वारातीम' झाले. जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले आणि त्याचे 'कबचौउमवि' झाले. जिने जन्मात अक्षर गिरविले नाही, तिच्या नावाची आद्याक्षरेच तेवढी शिल्लक राहावीत, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, आणि ज्या आदरासाठी 'छत्रपती' हे पद आग्रहाने घातले त्याचा लागलीच 'छ.' झाला. म्हणजे एका पक्षाच्या अभिमानाचा विषय घ्या की दुसऱ्या पक्षाच्या, संक्षेपाचे जाते सर्वांस सारखेच दळते.

मग 'बामू' म्हणू नये काय? मी असे म्हणत नाही. आईला 'आई' म्हणताना तिचे पूर्ण नाव कोणी घेत नाही, आणि त्यात प्रेम उणे होत नाही. कारण हाक मारणाऱ्यास ती कोण आहे हे ठाऊक असते. ज्या तरुणाची आजी १९७८ च्या पावसाळ्यात लेकरे काखेला मारून रानात लपली होती, तो 'बामू' म्हणाला तर त्या दोन अक्षरांत सारा इतिहास वाजतो. तोच शब्द ज्याला त्यामागचे काहीच ठाऊक नाही त्याच्या तोंडी आला, तर तो केवळ बसचा थांबा असतो. शब्द एकच. एकाने घडी घातली आहे, दुसऱ्यास घडीच मिळाली आहे. तेव्हा दुसरी कसोटी ही की, संक्षेप वापरणाऱ्याने त्याचा उलगडा करण्याची शक्ती जवळ बाळगावी. निदान, तो उलगडण्याजोगा आहे एवढे भान तरी बाळगावे. प्रत्येक पौषात त्या विद्यापीठाच्या दाराशी हजारो माणसे येऊन उभी राहतात ती मला वाटते याचसाठी. वर्षातून एक दिवस ते नाव पुरते उच्चारले जावे म्हणून.

संक्षेपाचा सर्वांत कठोर प्रकार मात्र अक्षरांचा नसून आकड्यांचा आहे. ८ मे २०२० रोजी पहाटे, टाळेबंदीच्या काळात, याच जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेमार्गावर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील कामास ते मुकले होते. मध्य प्रदेशातील आपल्या गावी जावयाचे, त्यासाठी भुसावळास गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून रुळांवरच आडवे झाले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरींची चित्रे तेव्हा साऱ्या देशाने पाहिली. पुढे कोणत्या तरी प्रश्नपत्रिकेत विचारले जाईल: किती? आणि उत्तर येईल: सोळा. ते बरोबरही असेल, त्यास गुणही मिळेल.

'सोळा' हे उत्तर देताच मनाला एक प्रकारची स्वस्थता वाटते. अज्ञानी मनुष्यास ती नसते. ज्याला ठाऊक नाही तो निदान विचारील. ज्याला आकडा ठाऊक आहे त्याचा प्रश्नच मिटतो. ती माणसे चालत का निघाली, त्यांच्या मजुरीचे काय झाले, रूळ हाच त्यांचा रस्ता का ठरला, हे प्रश्न त्या आकड्याच्या ओझ्याखाली गुदमरतात. अपुरी माहिती ही अज्ञानाची बहीण नव्हे. ती अज्ञानावर घातलेले पांघरूण आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खांहून निराळे पढतमूर्खांचे लक्षण सांगितले, त्यातील मर्म काही अंशी हेच असावे: न जाणणारा सुधारतो, जाणले असे वाटणारा सुधारत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. मनुष्याचे आयुष्य थोडे, स्मृती त्याहून थोडी. प्रत्येक तारखेचे भाष्य, प्रत्येक अक्षराचा विस्तार, प्रत्येक आकड्यातील माणसे मनात वागवू गेलो तर चहाचा पेलाही ओठी लावता येणार नाही. विसरणे हीही देहाची एक दया आहे. हे मला मान्य आहे. सर्वच उलगडले पाहिजे असा हट्ट धरणारा मनुष्य काहीच उलगडीत नाही. परंतु कर्तव्य सर्वांविषयी सारखे कधीच नसते. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो तिचा गाळ काढणे आपल्याकडे येते, गावातील सर्व विहिरींचा नव्हे. ज्या संक्षेपांच्या छायेखाली आपण राहतो, ज्यांचा आपण लाभ घेतो, आणि ज्यांच्या जोरावर आपण दुसऱ्यावर अधिकार चालवितो, तेवढे तरी आपणांस उलगडता आले पाहिजेत. बर्फाळ प्रदेशातील हिवाळ्याची माहिती नसली तर चालेल. आपल्या पगारपत्रकावरील तीन अक्षरे, आपल्या गावाचे नाव, आपल्या जिल्ह्यातील एक पहाट, ही ठाऊक नसणे चालणार नाही.

आणि म्हणूनच त्या शेकोटीपाशी उभ्या असलेल्या मुलाविषयी मला हसू येत नाही, काळजी वाटते. त्याची परीक्षा उत्तीर्ण होवो, असेच मी म्हणेन. पण ती उत्तीर्ण झाल्यावर तो खुर्चीवर बसेल, आणि तेव्हा संक्षेप करणारा तोच होईल. त्याच्या पुढ्यात येणारा अर्जदार एक क्रमांक असेल, वस्ती एक वर्ग असेल, मरण एक आकडा असेल. त्या दिवशी त्याला पाठ केलेल्या उत्तरांचा उपयोग नाही. उपयोग होईल तो एवढ्याच सवयीचा, की प्रत्येक लहान उत्तराच्या मागे एक मोठी गोष्ट असते आणि ती विचारावयाची असते. ही सवय परीक्षा शिकवीत नाही. आपण, त्याच्याहून थोडे अधिक सावकाशीत जगणारे, त्याला ती शिकवितो काय, हा प्रश्न मग त्याचा न राहता आपला होतो.

बजाजनगराशेजारी एक पंढरपूर आहे. लोक त्याला छोटे पंढरपूर म्हणतात. ज्यांना पाळी चुकवून भीमेकाठी जाणे परवडत नाही, ते आषाढीस तेथे चालत जातात आणि विठोबाच्या पायांवर डोके ठेवून कामावर परततात. मोठ्या यात्रेचा तो संक्षेपच आहे. पण त्यात कोणी फसत नाही. कारण जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते की, हे लहान आहे आणि मोठे तिकडे आहे. आपल्या लहान ज्ञानासंबंधी एवढे भान राहिले, तर ते ज्ञान लहान असूनही खोटे होणार नाही.